जमिनीचा उशीर

दहा दिवस झाले, मी नि हाल्वोर
एका पिवळ्या गाडीतून उशीर मोजत हिंडतो आहोत.
कुणाचा? म्हणाल तर जमिनीचा.

बॅरेंट्स समुद्राच्या काठाला एक मनोरा आहे,
तारांनी खडकाला जखडलेला.
तो आठ ठोक्यांत बोलतो,
ठोक्याठोक्यामध्ये एक सहस्रांश सेकंद,
मग गप्प. मग पुन्हा आठ.
धुक्यातल्या मासेमारी नौका त्याच्यावर विसंबून
घराची दिशा धरतात.

समुद्रावर त्याच्या लहरीला काहीच पडत नाही,
खारं पाणी तिला पायघड्या घालतं.
पृथ्वी गोल आहे हे तिला सांगावं लागत नाही,
पायाखालचं उतरत जातं तशी तीही उतरते.
जमीन मात्र जकात घेते.
खडक घेतो, गोठलेली दलदल घेते,
दगडफुलांनी मढलेलं फिनमार्कचं पठार घेतं,
आणि जुना कोरडा बर्फ
तर खिसेच उलटे करून बघतो.
मनोऱ्यापासून ताठ निघालेली लहर
इथवर येते ती पुढे झुकलेली,
पाय मातीत ओढत,
मोळी पाठीवर घेतलेल्या बाईसारखी.
दीड मायक्रोसेकंद उशिरा. कधी दोन. कधी पावणेतीन.
आम्ही रकान्यात लिहितो.

रात्री दुसरीही एक येते, आकाशाला आपटून परतलेली.
अंगानं भरदार, आवाजानं मोठी, जराशी मागाहून.
तिचं ऐकायचं नाही.
हाल्वोरनं पहिल्याच दिवशी बजावलं:
ठोक्याचं तिसरं आवर्तन पकड.
पहिली दोन फार किरटी,
आणि उशीर केलास तर आकाशाची भेसळ.
(हाल्वोर लग्नाबद्दलही असंच काहीसं बोलतो,
पण ते जेवणानंतर.)

आज अकराव्या मुक्कामी आकडा घसरला.
मनोऱ्यापासून आणखी लांब आलो
आणि उशीर कमी!
हाल्वोरनं बॅटरी बदलली, ॲन्टेना हलवली,
यंत्राला नॉर्वेजियनमध्ये शिव्या दिल्या.
तेवढ्यात रिस्तीना आली, बर्फावरच्या स्कूटरवरून,
हरवलेली दोन रेनडिअर शोधत.
थर्मासमधली कॉफी घेतली, विचारलं, काय बिघडलंय?
सांगितलं.
तिनं हातमोजा काढून मागे बोट दाखवलं:
तिथं खाडी आहे ना, आत शिरलेली.

नकाशा उघडला. होती.
करंगळीएवढी निळी रेघ, तिच्यावरून ठोके इकडे येतात.
पुस्तकात वाचलेलं होतं मी:
माळ तुडवून लहर पुन्हा खाऱ्या पाण्यावर आली
की थोडी सावरते,
गमावलेलं थोडं परत मिळवते.
वाचलं होतं, इतकंच.

रिस्तीना म्हणाली, आमचा कळप वसंतात
सामुद्रधुनी पोहून बेटावर जातो.
काठावर येईतो नुसते रेंगाळतात, मान खाली.
पलीकडे चढतात ते कान टवकारून.
मग गप्प झाली, मग म्हणाली,
सगळे नाही चढत.

एक मायक्रोसेकंद म्हणजे किती? तिनं विचारलं.
तीनशे मीटर, मी म्हणालो.
तिनं मनातल्या मनात कुठला तरी किनारा मोजला.
म्हणजे खडकाची ही बाजू की ती, एवढं.
हो, एवढं.

कप उपडा करून तिनं स्कूटर चालू केली
तशी ठिणग्यांच्या खरखरीनं
पडद्यावरची रेघ विस्कटली,
आठही ठोके बुडाले.
हाल्वोर म्हणाला, हे वाचन खोड.
नाही खोडलं.
कडेला लिहिलं: दुपारी दोन वाजून दहा,
रिस्तीना उत्तरेकडे गेली.
जनावरं अजून सापडलेली नाहीत.